निवृत्त स्पॅनिश महिला फुटबॉलपटूची कारकीर्द मराठीत लिहिताना

नाशिकच्या एखाद्या शाळेच्या वार्षिकांकासाठी दोन पानं हवी असोत, हिरावाडीच्या विभागीय क्रीडा संकुलात सरावाला येणाऱ्या मुलींसाठी फलक करायचा असो किंवा २९ ऑगस्टच्या क्रीडा दिनाला दहा मिनिटं बोलायचं असो, काम एकाच जागी अडतं. खेळाडूची माहिती भरपूर मिळते, पण तुकड्यातुकड्यांत, आणि ते तुकडे एकमेकांशी जुळत नाहीत. कविता राऊतबद्दल लिहिणं त्या मानाने सरळ आहे. २०१० ची दिल्लीची राष्ट्रकुल स्पर्धा, दहा हजार मीटर, कांस्य. एवढ्यात शर्यतही कळते आणि क्रमांकही. फुटबॉलपटूची कारकीर्द मात्र क्लब, देश, चषक आणि युरोप अशा चार ठिकाणी एकाच वेळी चालू असते. त्यात स्पेनमधल्या महिला लीगचं नाव, आकार आणि दर्जा गेल्या पस्तीस वर्षांत इतक्या वेळा बदलला, की "तीन वेळा विजेती" या तीन शब्दांवरून काहीच समजत नाही.

म्हणून क्रम ठरवून घ्या. आधी हंगामांचा तक्ता, मग राष्ट्रीय संघ, मग मधली रिकामी वर्षं, आणि वाक्यं सगळ्यात शेवटी. पहिल्याच दिवशी सुरुवातीचा परिच्छेद लिहायला घेतला की तो वाचवण्यासाठी पुढे आकडे वाकवले जातात.

निवृत्तीची तारीख कोणती?

निवृत्त खेळाडू निवडण्याचा फायदा म्हणजे आकडे आता बदलणार नाहीत. पण निवृत्तीच्या तारखा तीन असतात: शेवटचा सामना, निवृत्तीची घोषणा आणि कराराचा शेवट. स्पेनमधले करार साधारणपणे ३० जूनला संपतात, तर हंगामाचा शेवटचा सामना मे-जूनमध्ये होऊन गेलेला असतो. घोषणा त्याच्या आधी होते, कधी नंतरही. तिन्ही तारखा वेगवेगळ्या लिहून ठेवा आणि लेखात शेवटच्या सामन्याची वापरा, कारण ती मैदानावरची आहे. राष्ट्रीय संघातून निवृत्ती ही चौथी, पूर्ण वेगळी गोष्ट. ती क्लबच्या निवृत्तीच्या कितीतरी वर्षं आधीची असू शकते, आणि पुष्कळदा तिची घोषणाच होत नाही. नुसतं संघात बोलावणं थांबतं. अशा वेळी "राष्ट्रीय संघातून निवृत्त झाली" असं लिहू नका. "शेवटचा सामना अमुक साली खेळली" एवढंच लिहा.

पुढची उदाहरणं बहुतेक सोनिया बर्मुदेसच्या कारकिर्दीतली आहेत. ती माद्रिदची, जन्म १९८४, आघाडीपटू, २०२० मध्ये निवृत्त. तिच्या कारकिर्दीत जवळपास सगळे खाचखळगे सापडतात, त्यामुळे शिकायला ती उत्तम.

नाव एकदाच ठरवा

स्पॅनिश माणसाला दोन आडनावं असतात. रूढ पद्धतीत पहिलं वडिलांचं, दुसरं आईचं. पूर्ण नाव सोनिया बर्मुदेस त्रिबानो असलं, तरी हाक मारायचं आडनाव बर्मुदेस. आपल्या सवयीने शेवटचा शब्द आडनाव समजून "त्रिबानोने गोल केला" असं लिहिलं तर स्पेनमध्ये कुणालाही कळणार नाही. जुनी वृत्तपत्रं शोधतानाही पहिलं आडनाव, क्लबचं नाव आणि हंगाम असे तीनच शब्द टाका. दोन्ही आडनावांनी शोधलं तर बातम्या निसटतात. काही खेळाडूंच्या पाठीवर नुसतं पहिलं नाव किंवा टोपणनाव असतं, तेही शोधात धरा.

देवनागरीत लिहिताना इंग्रजी वाचनावर जाऊ नका. एच मुका असतो, म्हणून एर्मोसो. दोन एल एकत्र आले की य, म्हणून रायो वायेकानो आणि तोरेसिया. क्यूयू पुढे ई आला की नुसता के, म्हणून केरेदा आणि बोकेते. झेडचा उच्चार स्पेनच्या बऱ्याच भागात थ च्या जवळ जातो, पण "बर्मुदेथ" मराठी डोळ्याला खटकतं. तिथे स वापरा. झ मात्र नको, तो आवाज स्पॅनिशमध्ये नाहीच. शहरं आणि मोठे क्लब मराठी वृत्तपत्रांत रुळलेत तसेच ठेवा: बार्सिलोना, माद्रिद, अ‍ॅटलेटिको. वहीच्या शेवटच्या पानावर सगळ्या नावांची यादी करून ठेवली की एकच खेळाडू दोन पानांवर दोन नावांनी अवतरत नाही.

तिच्यासाठी "ती" वापरायचं की "त्या", तेही इथेच ठरवा. खेळातल्या मजकुरात "ती" चालतं. निवृत्तीनंतरच्या प्रशिक्षकपदावर येताना "त्या" कडे वळायचा मोह होतो; एकाच लेखात दोन्ही नकोत.

हंगामांचा तक्ता

फुलस्केप कागद आडवा धरून सात रकाने आखा: हंगाम, क्लब, लीगचं नाव आणि पातळी, लीगमधले सामने व गोल, चषकातले सामने व गोल, युरोपातले सामने व गोल, संघाचा क्रमांक. एका हंगामात एका क्लबसाठी एक ओळ. हंगामात दोन क्लब झाले तर ओळी दोन.

स्पेनचा हंगाम साधारण सप्टेंबरला सुरू होऊन मे-जूनला संपतो, म्हणून तो २०१४-१५ असाच लिहायचा. नुसतं "२०१५" लिहिलं की विजेतेपद एका वर्षाने सरकतं, आणि ही चूक सर्वांत जास्त दिसते. अमेरिकेची लीग मात्र एकाच कॅलेंडर वर्षात, वसंत ते शरद अशी चालते. सोनियाने २०१४ मध्ये अमेरिकेत वेस्टर्न न्यूयॉर्क फ्लॅशकडून खेळ केला, आणि तिच्या बार्सिलोनाच्या वर्षांतच ही ओळ येते. ती "२०१४" अशीच स्वतंत्र लिहा. बार्सिलोनाच्या ओळीत मिसळली तर सामने दुप्पट दिसतात, गाळली तर एक पूर्ण देश गळतो. अमेरिकी नोंदींत तारीख महिना-दिवस अशी असते, स्पॅनिश नोंदींत आपल्यासारखी दिवस-महिना. ५-७ हा ५ जुलै की ७ मे, हे नोंद कुठली आहे त्यावरून ठरवा.

तिसऱ्या रकान्यात लीगचं त्या वेळचं नाव हवं. राष्ट्रीय पातळीवरची महिला लीग १९८८-८९ मध्ये सुरू झाली. राणीच्या नावाचा चषक, कोपा दे ला रेइना, त्याआधीचा, १९८३ पासूनचा. २००१-०२ पासून सर्वोच्च लीगला सुपरलीगा म्हणत, २०११ पासून प्रिमेरा दिव्हिसिओन. २०२२-२३ पासून ती लीगा एफ या नावाने व्यावसायिक लीग म्हणून चालते. १९९५ च्या खेळाडूपुढे "लीगा एफ विजेती" लिहिणं हे नुसतं नाव चुकणं नाही. तिला कधीही न मिळालेले पगार, करार आणि प्रेक्षक वाचकाच्या मनात उभे राहतात.

सोनियाच्या ओळी भरून पाहा. रायो वायेकानोने २००८-०९, २००९-१० आणि २०१०-११ असं सलग तीनदा विजेतेपद मिळवलं. बार्सिलोनाने २०११-१२ ते २०१४-१५ सलग चारदा. अ‍ॅटलेटिको माद्रिदने २०१६-१७ आणि २०१७-१८. या नऊही संघांत ती होती. शेवटची दोन वर्षं लेवान्तेकडे. सलग सात वर्षं विजेत्या संघात, मधे क्लब बदलूनही: ही ओळ लेखाचा कणा होऊ शकते, आणि ती तक्ता आखल्याशिवाय दिसत नाही.

आता त्याच तक्त्यात कुठे फसगत होते ते पाहू.

२००९-१० आणि २०१०-११ मध्ये लीग गटांत विभागलेली होती आणि विजेता शेवटी अंतिम लढतीतून ठरला. त्या दोन वर्षांचे सामने आणि गोल पुढच्या सरळ साखळी पद्धतीच्या वर्षांशी तोलता येत नाहीत. गटांतल्या संघांच्या ताकदीत मोठी तफावत असे, दोन अंकी गोलफरकही लागत. समासात "गट पद्धत" अशी खूण करा.

२०१९-२० ची लीग कोरोनामुळे मार्चमध्ये थांबली आणि पुन्हा सुरू झालीच नाही. ३० पैकी २१ फेऱ्या झाल्या होत्या. त्यावरच बार्सिलोनाला विजेता ठरवलं गेलं. त्या वर्षी निवृत्त झालेल्या कुणाचेही शेवटच्या हंगामातले आकडे कमी दिसणार. "शेवटच्या वर्षी तिचा खेळ मंदावला" असं वाक्य त्यावरून लिहिलं तर तो अन्याय आहे. कुठल्याही संघाला खालच्या पातळीवर घसरवलं नसल्याने पुढच्या २०२०-२१ मध्ये संघ १८ झाले आणि फेऱ्या ३४. लागोपाठच्या दोन वर्षांत २१ आणि ३४, म्हणून गोलांची तुलना करायचीच असेल तर प्रति सामना करा.

चषकाचा रकाना बारीक दिसेल. बरीच वर्षं या चषकात लीगमधले वरचे आठच संघ खेळत आणि स्पर्धा थोड्या दिवसांत उरकायची. वर्षाला एक ते तीन सामने हे तिथे सामान्य आहे. दुखापतीचा संशय घेऊ नका. पेनल्टी शूटआऊटमधले गोल खेळाडूच्या खात्यात धरायचे नाहीत, हेही इथेच लक्षात ठेवा.

युरोपातल्या स्पर्धेचं नाव २००८-०९ पर्यंत युएफा महिला कप होतं, २००९-१० पासून महिला चॅम्पियन्स लीग. "चॅम्पियन्स लीग जिंकणारी पहिली स्पॅनिश" अशी वाक्यं लिहिताना क्लब स्पॅनिश की खेळाडू स्पॅनिश, हे वेगळं ठेवा. वेरोनिका बोकेतेने १४ मे २०१५ ला बर्लिनमध्ये फ्रँकफुर्टकडून खेळून हा चषक जिंकला. स्पॅनिश क्लबने तो पहिल्यांदा जिंकला १६ मे २०२१ ला, गॉथेनबर्गमध्ये बार्सिलोनाने चेल्सीला ४-० हरवून. दोन्ही विधानं खरी आहेत, एकमेकांच्या जागी टाकली की खोटी.

पातळीचा रकाना अनावश्यक वाटेल, तो गाळू नका. मेलानी सेरानो बार्सिलोनाची डावी बचावपटू. किशोरवयापासून २०२२ च्या निवृत्तीपर्यंत एकाच क्लबमध्ये राहिली आणि ५०० हून अधिक सामने खेळली. हा क्लब २००७ मध्ये दुसऱ्या पातळीवर घसरला होता, २००८ मध्ये वर आला. आजची बार्सिलोना डोळ्यांसमोर असलेल्या वाचकाला हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याचं वजन कळणार नाही. घसरलेला संघ आणि युरोपचा विजेता संघ, दोन्ही तिच्या एकाच कारकिर्दीत बसतात.

राष्ट्रीय संघ

इथे सामन्यांची बेरीज तीन ठिकाणी तीन मिळते. कारणं ठरलेली आहेत. कुणी कुमार गटांचे सामने धरतं, कुणी धरत नाही. कुणी कॅटालोनिया, गॅलिसिया, बास्क प्रदेश यांच्या संघांकडून खेळलेले सामने मिळवतं. ते फिफाच्या मोजणीत नसतात, त्यांचा रकाना वेगळा. क्लबच्या सरावातल्या मैत्रीपूर्ण लढतीही कधीकधी शिरतात. वरिष्ठ संघाचे अधिकृत सामने एवढंच मोजा आणि तसं लिहा.

जुन्या पिढीसाठी प्रश्न मोजणीच्या पलीकडचा आहे. २१ फेब्रुवारी १९७१ ला मुर्सियाच्या ला कोन्दोमिना मैदानावर स्पेन आणि पोर्तुगालच्या मुली खेळल्या, सामना ३-३ सुटला. स्पॅनिश फेडरेशनची त्याला मान्यता नव्हती. फेडरेशनने महिला फुटबॉलला १९८० मध्ये मान्यता दिली आणि संघाचा पहिला अधिकृत सामना ५ फेब्रुवारी १९८३ ला झाला, पुन्हा पोर्तुगालविरुद्ध, ०-१ असा हरलेला. म्हणजे सत्तरच्या दशकात खेळलेल्या बाईंचे "अधिकृत सामने: ०" हे कागदावर बरोबर असतं. ते तसंच छापलं तर तिने देशासाठी खेळच केला नाही असा अर्थ निघतो. शून्याच्या शेजारी त्याच ओळीत, तळटीप न करता, "मान्यता नसतानाच्या काळात देशाच्या संघातून खेळली" असं लिहा. कोंची सांचेस या पिढीतली. स्पेनमध्ये वाव नव्हता म्हणून ती इटलीत खेळायला गेली. तिच्यासारखीची कारकीर्द लिहिताना इटालियन लीगच्या नोंदी हाच मुख्य आधार असतो.

स्पर्धांचे निकाल लिहिताना वर्ष आणि टप्पा दोन्ही द्या. स्पेनच्या महिला १९९७ च्या युरो स्पर्धेत उपांत्य फेरीत होत्या, त्यानंतर थेट २०१३ मध्ये उपांत्यपूर्व फेरीत. पहिला विश्वचषक २०१५ चा, कॅनडातला: कोस्टा रिकाशी १-१, ब्राझीलकडून ०-१, दक्षिण कोरियाकडून १-२, आणि घरी परत. विश्वचषकातला स्पेनचा पहिला गोल विकी लोसादाचा. २० ऑगस्ट २०२३ ला सिडनीत ओल्गा कार्मोनाच्या २९ व्या मिनिटाच्या गोलवर इंग्लंडला हरवून स्पेन विश्वविजेता झाला. या आठ वर्षांच्या आधी निवृत्त झालेल्या खेळाडूकडे विश्वचषक नाही, आणि ते तिचं अपयश नाही. तिच्या पिढीला विश्वचषकाचं तिकीटच २०१५ पर्यंत मिळालं नव्हतं.

तारखेचा एक बारकावा नाशिकला बसून काम करणाऱ्याला हमखास चकवतो. स्पेनची वेळ आपल्या मागे हिवाळ्यात साडेचार तास, उन्हाळ्यात साडेतीन तास असते. तिथे रात्री नऊला सुरू झालेला जानेवारीतला सामना इथे दीड वाजता, म्हणजे दुसऱ्या तारखेला सुरू होतो. मोबाइलवरचं वेळापत्रक भारतीय तारीख दाखवतं. लेखात मैदानावरची स्थानिक तारीखच हवी.

रिकाम्या ओळी

तक्ता भरला की काही ओळींत सामने शून्य किंवा दोन-चार दिसतील. इथे घाई करू नका. गुडघ्याचा पुढचा क्रॉस लिगामेंट तुटला की खेळाडू साधारण नऊ महिने ते वर्षभर बाहेर असते, म्हणून एका दुखापतीचा डाग दोन हंगामांवर पडतो. बाळंतपण, क्लब बंद पडणं, परदेशी कराराची परवानगी उशिरा येणं ही इतर कारणं. विर्हिनिया तोरेसियाच्या नोंदींत २०२० ते २०२२ ही जागा मोकळी आहे: मे २०२० मध्ये मेंदूतल्या गाठीची शस्त्रक्रिया झाली आणि जानेवारी २०२२ मध्ये सुपर चषकाच्या अंतिम सामन्यात अ‍ॅटलेटिकोकडून ती पुन्हा मैदानावर उतरली. आजाराविषयी खेळाडूने स्वतः जाहीर सांगितलं असेल तेवढंच घ्या, अंदाज मुळीच नको.

राष्ट्रीय संघातली पोकळी क्लबमधल्या पोकळीशी ताडून पाहा. क्लबकडून दर आठवड्याला खेळत होती आणि देशाकडून नाही, तर कारण दुखापत नसतं. प्रशिक्षक इग्नासिओ केरेदा १९८८ पासून २०१५ पर्यंत पदावर होते; २०१५ च्या विश्वचषकानंतर खेळाडूंनी एकत्र येऊन बदल मागितला आणि ते गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये पंधरा खेळाडूंनी फेडरेशनला ईमेल पाठवून, परिस्थिती बदलेपर्यंत आपला विचार करू नये, असं कळवलं. त्या काळातली मोकळी जागा "फॉर्म गेला" म्हणून भरणं ही मोठी चूक ठरेल.

पैसा

स्पॅनिश खेळाडूच्या कारकिर्दीतला हा भाग मराठी लेखांत सहसा येत नाही, आणि तो आलाच पाहिजे. नोव्हेंबर २०१९ मध्ये लीगच्या खेळाडूंनी संप केला. फेब्रुवारी २०२० मध्ये पहिला सामूहिक करार झाला, त्यात किमान वार्षिक पगार १६,००० युरो ठरला. तेव्हाच्या दराने सुमारे साडेबारा लाख रुपये. २०२३-२४ च्या सुरुवातीला पुन्हा संप झाला आणि किमान रक्कम २१,००० युरोवर गेली. रुपयांत लिहायचं तर त्या वर्षाचा दर लावा, आजचा नको. आणि नुसता रुपयाचा आकडा देऊन थांबू नका, कारण नाशिकच्या वाचकाला साडेबारा लाख भरपूर वाटतील. ही कर कापण्याआधीची रक्कम होती, बार्सिलोना-माद्रिदसारख्या शहरांत घरभाडं देऊन राहायचं होतं, आणि खेळाडूचं वय पस्तिशीला पोचेपर्यंतच ती मिळणार होती. २०२० च्या आधी निवृत्त झालेल्या खेळाडूच्या आयुष्यात हा करारही नव्हता. ती खेळाबरोबर शिकत होती की नोकरी करत होती, हे मुलाखतींतून शोधा आणि तक्त्यात हंगामासमोर लिहा.

आता लिहायला बसा

दोन पानांच्या लेखात सहाशे-सातशे शब्द मावतात. सगळा तक्ता वाक्यांत ओतू नका. "मग ती इथे गेली, मग तिथे गेली" असा लेख तिसऱ्या परिच्छेदात सुटतो. तक्त्यातून दोन किंवा तीन वळणं निवडा आणि त्यांच्यावरच जागा खर्च करा. सोनियाच्या बाबतीत ती अशी: रायोसारख्या छोट्या क्लबची सलग तीन विजेतेपदं, बार्सिलोनाला जाऊन आणखी चार, आणि निवृत्तीनंतर प्रशिक्षक होऊन ऑगस्ट २०२५ मध्ये स्पेनच्या वरिष्ठ महिला संघाची सूत्रं. प्रशिक्षक म्हणून मिळवलेलं यश खेळाडूच्या बेरजेत घालू नका. बाकीचे क्लब एका चौकटीत द्या.

फलक असेल तर शब्द दीडशेच्या आत ठेवा, तक्ता मोठा करा. मुली उभ्या राहून, बूट बांधता बांधता वाचणार आहेत. तीन बाय चार फुटांच्या फ्लेक्सवर हंगामांच्या दहा-बारा ओळी आरामात बसतात, अक्षर किमान एक इंच उंच हवं. फोटोला परवानगी लागते. शोधात सापडलेला कुठलाही फोटो उचलून छापू नका. त्याऐवजी मैदानाची आकृती काढून तिची जागा दाखवा. सरावात तीच जागा कोण खेळते, हे मुलींना आपोआप कळतं.

छापखान्यात मजकूर युनिकोडमधून जुन्या फॉन्टमध्ये बदलला जात असेल तर प्रूफ कागदावर मागा. जोडाक्षरं फुटतात: "रायो" टिकतं, "फ्रँकफुर्ट" आणि "अ‍ॅटलेटिको" हमखास बिघडतात. हंगामातली आडवी रेघ गळून २०१४-१५ चं २०१४१५ होतं, आणि स्कोअरमधली गळली तर ४-० चं ४०. प्रूफ दोघांनी वाचा. एकाने तक्ता मोठ्याने म्हणायचा, दुसऱ्याने छापील ओळीवर बोट ठेवत जायचं.